उंच खुर्ची आणि उदबत्ती

नरहर वैरागडे यांच्याशी वाद घालू नये, हे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे घालायला हरकत नाही, पण घालता येत नाही. ते शांतपणे ऐकून घेतात, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसावा तसा शर्टाच्या टोकाला पुसतात आणि निकाल देतात. भाजीवाल्या कलावतीचं बोट ताजव्याला लागलं, की "फॉल्ट". लग्नात भटजींनी एक मंगलाष्टक गाळलं, की भर मांडवात "हे पुन्हा घ्या". तीस वर्षं बॅडमिंटनची अंपायरगिरी केलेल्या माणसाची जीभ अशीच होते, असं त्यांची बायको कुसुमकाकू म्हणते. ती हेही म्हणते की यांची जीभ लग्नाआधीही अशीच होती, पण तेव्हा शिट्टी नव्हती. अंपायरला शिट्टी नसते हे काकांनी तिला चाळीस वेळा सांगितलंय.

माझी आणि काकांची पहिली भेट कोर्टावरच झाली. मी डोंगरगडहून आंतरजिल्हा स्पर्धेत खेळायला आलो होतो. काकांनी एका गेममध्ये माझी सर्व्हिस सात वेळा फॉल्ट दिली. आठव्यांदा मी चिडलो. म्हटलं, "काका, हीच सर्व्हिस आमच्या गावात चालते."

"मग गावातच कर न बापा," ते वरून म्हणाले, "इथं काहून करून राहिला?"

त्यानंतर मी खेळ सोडला आणि रायपूरच्या बॅडमिंटन संघटनेत टायपिस्ट म्हणून लागलो. त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं मी लोकांना सांगतो.

काकांची नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. पण त्यांचं खरं ऑफिस म्हणजे ती उंच खुर्ची, शिडी चढून बसायची. त्या खुर्चीवरून त्यांनी जिल्हा पाहिला, राज्य पाहिलं, राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरीसुद्धा पाहिली. फक्त दोन देशांमधला सामना पाहिला नाही. त्यासाठी लागणारी परीक्षा केव्हाच पास झालेले. एकदा बोलावणं आलं तेव्हा यांना कावीळ. दुसऱ्यांदा आलं तेव्हा आई अंथरुणावर. तिसऱ्यांदा आलंच नाही. आणि आता साठी जवळ आलेली. रेल्वे आणि बॅडमिंटन, दोघंही साठीला हात जोडतात. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी साठ पूर्ण झालेली असतील, तर आंतरराष्ट्रीय सामन्यात उंच खुर्ची मिळत नाही. काकांचे साठ पुढच्या वर्षी चौदा मार्चला भरणार होते.

अशात ते पत्र आलं. तेव्हा रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि गावातल्या निम्म्या चहाटपऱ्यांचं नाव 'राजधानी' झालं होतं. दक्षिण आशियातल्या सहा देशांची एक सांघिक स्पर्धा नव्यानं सुरू होणार होती. पंचेचाळीसच्या वरचे खेळाडू, देशाविरुद्ध देश. यजमान देश निवडायचा होता. चार देशांनी हात वर केले, दोघं मागं हटले, उरले श्रीलंका आणि भारत. प्रत्येक देशानं एक शहर पुढं करायचं होतं. मोठ्या शहरांना त्याच वर्षी मोठ्या स्पर्धा होत्या, म्हणून भारतातून रायपूरचं नाव गेलं. स्पर्धा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. यजमान देशाचे अंपायर अर्धे. काकांनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"फेब्रुवारी," ते म्हणाले. "म्हणजे मी एकोणसाठच."

"हव भैया, अब तो राजधानी है," आमचे सचिव भैय्यालाल साहू म्हणाले. त्यांचं टाइल्सचं दुकान आणि मन दोन्ही मोठं. "श्रीलंका में क्या है? समंदर है. हमारे पास नया हॉल है."

हॉल नवा होता हे खरं. पण त्याला पश्चिमेच्या भिंतीत छताखाली बावीस झरोके होते आणि शटलचं वजन पाच ग्रॅम असतं. रायपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी वारा सुटला, की एका बाजूनं हळू मारलेलं शटल मागच्या रेषेबाहेर जाई आणि दुसऱ्या बाजूनं जीव तोडून मारलेलं जाळ्यापाशी टपके. आम्ही स्थानिक लोक सवयीनं खेळत होतो. पण अर्जात चौदावा प्रश्न होता: सभागृहात हवेचा प्रवाह जाणवतो का? भैय्यालालजींनी मला सांगितलं, "नहीं लिख दे." मी लिहून दिलं. माझं काय, मी टायपिस्ट.

काकांनी टाइप केलेला कागद वाचला आणि चौदावर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. म्हणजे त्यांनी."

भैय्यालालजी म्हणाले, "भैया, किसको दिखता है? हवा है, हवा दिखती थोड़ी है."

"मले दिसते," काका म्हणाले.

मला वाटलं आता कागद फाडणार आणि पुन्हा टाइप करायला लावणार. मी कार्बन शोधायला लागलो. पण काका म्हणाले, "फॉर्म राहू दे. फॉर्म नको बदलू. आपण हॉल बदलू. तपासनीस येईपर्यंत ते 'नाही' खरं झालं पाहिजे."

तपासनीस यायला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून काका ड्यूटीवरून थेट हॉलवर येत. सोबत उदबत्त्यांचा पुडा. कोर्टाच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं, उदबत्ती लावायची आणि धूर कुठं जातो ते बघायचं. धूर सरळ वर गेला तर वहीत टिकलीएवढी फुली, वाकला तर बाण. चार कोर्टं, प्रत्येकाचे बारा बारा कोपरे. सकाळी वेगळा बाण, दुपारी वेगळा. मग शिडी लावून झरोका बंद करायचा. पत्रा नव्हता, वेळ नव्हता, म्हणून जुनी पोती, त्यावर काळं कापड, मग पातळ लाकडी पट्ट्या. पोत्यांचं संपलं तेव्हा कुसुमकाकूच्या जुन्या गोधड्या आल्या.

काकू हॉलवर आली ती भांडायलाच.

"अहो, माया स्वयंपाकघराची खिडकी सहा वर्षं झाली लागत नाही. पावसात पोळपाट भिजते. तिच्यासाठी तुमाले शिडी सापडली नाही काय?"

"तिथून शटल जात नाही," काका शिडीवरून म्हणाले.

"अन् उदबत्त्या? देवाले एक, हवेले बारा. देव काय म्हणत असन?"

"तो काही म्हणत नाही. तूच म्हणून राहिली."

काकू माझ्याकडे वळली. "तू हसून नको राहू. शिडी धर. पडले तर मी कोणाच्या नावानं ओरडू?" मग पिशवीतून आणखी एक गोधडी काढून तिनं खाली ठेवली. "ही आईंची आहे. वरच्या बाजूले लावा, तिथं कमी मळन."

नवव्या दिवशी धूर चारही कोर्टांवर सरळ उभा राहिला. काकांनी वहीत फुल्याच फुल्या मारल्या आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तुह्या फॉर्मातलं चौदा खरं आहे. झोप सुखानं." मी तसाही झोपतच होतो.

तपासनीस म्हणून काठमांडूच्या शर्मिष्ठा प्रधान मॅडम आल्या. पांढरे केस, साधे बूट, गळ्यात शिट्टी नाही तरी असावी असा चेहरा. हिंदी छान बोलत. त्या दोन्ही शहरं बघून अहवाल देणार आणि त्यावर यजमान देश ठरणार. त्यांना एक सामना खेळून दाखवायचा होता: आमचे समता कॉलनीतले डॉक्टर हरिदास विरुद्ध बँकेतला नीलेश. खुर्चीवर नरहरकाका.

अठरा मे. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

आता आमच्या रायपूरची एक रीत आहे. मे महिन्यात पाहुणा आला, की आधी पाणी नाही, आधी कूलर. कूलरसमोर बसवल्याशिवाय पाहुण्याचं नावही विचारत नाहीत. घरातला माणूस घामानं निथळत बाजूला उभा राहील, पण पाहुण्याच्या केसांतून वारा गेला पाहिजे. काकांनी भैय्यालालजींना आठ दिवस आधी सांगितलं होतं, कोर्टापाशी पंखा नको. भैय्यालालजींनी शब्द पाळला. पंखा एकही नव्हता. त्यांनी लग्नाच्या मांडवात लावतात तसले सहा मोठे कूलर आणले होते, नवीन खस, म्हणजे वाळ्याचे पडदे घालून, पाणी भरून. पाहुण्यांच्या सोफ्यामागं ओळीनं. सोफा कोर्टाच्या कडेला. म्हणजे वारा आधी मॅडमच्या केसांतून आणि मग सरळ पहिल्या कोर्टावरून आडवा.

काका कपडे बदलून आले तोवर कूलर सुरू झाले होते आणि मॅडमच्या हातात सरबत होतं. "बहुत अच्छी खुशबू है," त्या म्हणत होत्या. भैय्यालालजींच्या तोंडावर राजधानी पसरली होती.

काकांनी कूलर पाहिले. भैय्यालालजींकडे पाहिलं. खाली उभं राहून बोलावं तर पाहुण्यांसमोर तमाशा. ते शिडी चढून खुर्चीवर बसले.

सामना सुरू झाला. डॉक्टरांनी पहिलंच शटल उंच मारलं. ते हवेत गेलं, तिथं थोडं थबकलं आणि कोणी हाक मारल्यासारखं उजवीकडे वळून रेषेबाहेर पडलं. डॉक्टर रॅकेटकडे बघायला लागले. पुढचं नीलेशचं, तेही उजवीकडे. दोघंही आमचेच, हुशार. चार गुणांत त्यांनी अंदाज घेतला आणि डावीकडे मारायला लागले. शटल बरोबर आत पडू लागलं. मॅडमनं मान डोलावली. त्यांना काही दिसलं नव्हतं. केस उडत होते, सरबत थंड होतं. भैय्यालालजींनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

चार-दोन झाल्यावर काकांनी हात वर केला.

"खेळ थांबवा."

ते शिडी उतरले. खिशातून उदबत्ती काढली. मी मागं सरकलो, कारण मला पुढचं समजलं होतं. भैय्यालालजी धावत आले, ओठ न हलवता म्हणाले, "नरहर भैया, मत करो. जीत रहे हैं हम."

"कोणाशी?" काका म्हणाले.

त्यांनी मॅडमसमोर, कोर्टाच्या रेषेवर उभं राहून उदबत्ती लावली. मॅडमला वाटलं पूजा आहे. त्यांनी ग्लास खाली ठेवून हात जोडले. पण धूर वर गेलाच नाही. तो आडवा पळाला, कोर्ट ओलांडून पलीकडच्या भिंतीला जाऊन लागला. मॅडमचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"मॅडम, हॉल ठीक है," काका त्यांच्या हिंदीत म्हणाले. ती हिंदी पार्सल ऑफिसातली आहे. "हवा ये कूलर की है. कूलर बंद करेंगे तो गरमी लगेगी. चालू रखेंगे तो जो आपने देखा वो सामना नहीं है. बोलिये."

एका पाहुण्याला मे महिन्यात, राजधानीत, सगळ्यांदेखत, कूलर बंद करू का असं कोणी विचारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. भैय्यालालजी खाली बसले.

"बंद कीजिये," मॅडम म्हणाल्या.

सहा कूलर एकामागून एक गप्प झाले. आणि मग हॉलनं आपलं खरं रूप दाखवलं. बावीस झरोके पोती, गोधड्या, काळं कापड घालून बंद. आत शंभरेक माणसं. दहा मिनिटांत त्याची भट्टी झाली. काकांनी सामना शून्य-शून्यपासून घेतला. शटल सूत लावल्यासारखं सरळ जात होतं, पण ते बघायला डोळ्यांतला घाम पुसावा लागत होता. डॉक्टर हरिदासांनी दोन गुणांच्या मध्ये स्वतःची नाडी बघितली. काका खुर्चीवर कोटाचं वरचं बटणसुद्धा न काढता बसलेले. मॅडमचा चेहरा आधी गुलाबी, मग टोमॅटो.

सामना संपला तेव्हा भैय्यालालजींनी श्रीलंकेला मनातून शुभेच्छा देऊन टाकल्या होत्या. ते मॅडमसमोर हात जोडून म्हणाले, "माफ कीजिये. बहुत गरमी है हमारे यहाँ."

मॅडमनं रुमालानं मान पुसली. "फरवरी में कितना रहता है?"

भैय्यालालजी बोटांवर महिने मोजायला लागले. खरं सांगतो, मे महिन्यात रायपूरच्या माणसाला फेब्रुवारी आठवतच नाही. अकरा दिवस आम्ही सगळे मे महिन्यातल्या वाऱ्याच्या आणि उन्हाच्या भीतीनं मेलो होतो आणि स्पर्धा उन्हाळ्यात नाहीच, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"सुबह स्वेटर लगता है," काका म्हणाले.

मॅडम हसल्या. मग उठून त्यांनी झरोके बघायला शिडी मागितली. स्वतः चढल्या. काळं कापड बाजूला केलं, पट्टी हलवून बघितली, मागच्या गोधडीवर हात फिरवला. "ये किसका काम है?" काकांनी माझ्या हातातली वही घेऊन पुढं केली. चार कोर्टं, अठ्ठेचाळीस कोपरे, नऊ दिवसांचे बाण आणि फुल्या. मॅडम ती वही मागून सोबत घेऊन गेल्या.

जुलैत निर्णय आला. यजमान देश, भारत. शहर, रायपूर. भैय्यालालजींनी पेढे वाटले, दुकानासमोर फटाके लावले. अहवालात मॅडमनं लिहिलं होतं की या सभागृहाची हवा यजमानांनी स्वतः तपासून दाखवली, लपवली नाही. मग खाली एक अट होती. झरोके कापडानं झाकून चालणार नाही. माणसांना श्वासही हवा. उघडता-मिटता येणारी पक्की काचेची तावदानं बसवावीत, त्यानंतर महिनाभर काकांच्या पद्धतीनं हवेची नोंद ठेवावी. या कामाला वेळ मिळावा म्हणून स्पर्धा फेब्रुवारीऐवजी वीस मार्चला सुरू होईल.

मी ते वाचून दाखवत होतो. 'वीस मार्च' वाचलं आणि थांबलो.

"वाच," काका म्हणाले.

"संपलं."

काकांनी चष्मा पुसला. पेढा हातातच होता.

भैय्यालालजींना उशिरा कळलं, पण कळल्यावर ते पेढ्यांचा खोका टाकून धावत ब्राह्मणपाऱ्यात आले. घरात शिरता शिरताच म्हणाले, "भैया, टेंशन नहीं. जन्मतारीख में क्या है? हमारे स्कूल में तो आधी क्लास एक जुलाई को पैदा हुई है. बड़े गुरुजी ने जो मन में आया लिख दिया. आपका भी सुधरवा देंगे. मेरी पहचान है."

कुसुमकाकू चहा घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, हे पाडवा झाल्यावर झाले म्हणून. कागदावर चौदा आहे, पण… आठ-दहा दिवस इकडं तिकडं असनच."

मलाही वाटत होतं, हो म्हणा. तीस वर्षं. कावीळ. आई. शिडीवरचे नऊ दिवस. अर्ज तर मीच टाइप केला असता, कार्बन लावून.

काका काकूला म्हणाले, "आई कोणता पाडवा म्हणे, गुढीचा का दिवाळीचा, ते तिनं तरी कधी नीट सांगितलं काय?" मग भैय्यालालजींकडे वळले. "साहूजी, शटल रेषेबाहेर एवढं पडलं," त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं, "तर तुम्ही मला काय द्यायला सांगता?"

"आउट," भैय्यालालजी म्हणाले. मग म्हणाले, "पर भैया…"

"हे सहा दिवसांनी बाहेर आहे. चहा घ्या."

त्यानंतर महिनाभर आम्ही त्यांच्यासमोर स्पर्धेचं नाव काढायचं टाळलं. नाव त्यांनीच काढलं. एका सकाळी संघटनेत आले आणि माझ्या टेबलावर नियमांचं पुस्तक आपटलं.

"रेषेवरच्या पंचाला वयाची अट कुठं लिहिली आहे, दाखव मले."

मी शोधलं. नव्हती. रेषेवरचा पंच म्हणजे कोर्टाच्या कोपऱ्यात बुटक्या खुर्चीवर बसून, आपल्या एका रेषेवर शटल आत पडलं की बाहेर, एवढंच सांगणारा. हे काम आमच्याकडे कॉलेजातल्या पोट्ट्यांना देतात, टी-शर्ट आणि नाश्त्यावर.

"काका, तुम्ही? त्या पोट्ट्यांमध्ये?"

"काहून? पोट्ट्यांले दिसते अन् मले दिसत नाही?"

सप्टेंबरपासून त्यांनी पोट्ट्यांचे वर्ग सुरू केले. रविवारी सकाळी सहाला. जो उशिरा येई त्याला दाराबाहेर उभं करून, रेषेबाहेर पडलेल्या प्रत्येक शटलवर "बाहेर" ओरडायला लावत. तावदानं बसत होती तेव्हा सुताराच्या मागं उदबत्ती घेऊन फिरले. स्वयंपाकघराच्या खिडकीलाही त्याच सुताराकडून कडी लागली. काकूनं ती पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून-लावून दाखवली.

वीस मार्चला सकाळी पहिला सामना भारत विरुद्ध नेपाळ होता. उंच खुर्चीवर ढाक्याहून आलेला एक पंचेचाळिशीचा अंपायर. सामन्याआधी काका, साठ वर्षं सहा दिवसांचे, निळा टी-शर्ट घालून कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत उदबत्ती घेऊन फिरले. टी-शर्ट पोट्ट्यांच्या मापाचा होता, पोटावर ताणलेला. धूर सरळ वर गेला. त्यांनी वरच्या माणसाला मान हलवून खूण केली, उदबत्ती विझवली आणि कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसले.

दुसऱ्या गेममध्ये तेरा-तेरा. भारताच्या खेळाडूनं उडी मारून असा फटका मारला की अख्खा हॉल आधीच उभा राहिला. भैय्यालालजी टाळ्या वाजवायला लागलेसुद्धा. शटल काकांच्या रेषेपाशी पडलं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

काकांनी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले आणि पार्सल ऑफिसातल्या आवाजात ओरडले, "आउट!"

हॉलमधून एक मोठा हाय गेला. "नरहर भैया, अपना आदमी है!" मागून कोणीतरी कळवळलं. वरच्या अंपायरनं एकदा काकांकडे पाहिलं आणि तोच निकाल दिला. पाहुण्यांच्या रांगेत प्रधान मॅडम टाळी वाजवत नव्हत्या, कारण तपासनीसाला कोणाच्याच बाजूनं वाजवता येत नाही. पण त्यांनी हातातली काकांची ती वही उघडून त्यात एक फुली मारली.

माझ्या शेजारी कुसुमकाकू बसली होती. नवी साडी, मांडीवर डबा.

"आत होतं का रे?" तिनं मला हळूच विचारलं.

"मले नाही दिसलं काकू."

"मलेही नाही दिसलं," ती म्हणाली. मग डब्याचं झाकण उघडून मागं वळली आणि त्या कळवळणाऱ्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, "बाहेरच होतं. यांनी हात पसरले न, म्हणजे बाहेरच. घ्या, चिवडा खा."